ताळ्याला गुण नाहीत

गणित म्हणजे रीत आणि रीत म्हणजेच गणित, असे ज्यांचे ठाम मत असेल त्यांनी हा मजकूर न वाचता सरळ फराळाच्या ताटाकडे वळावे. मी त्यांच्याशी भांडायला बसले आहे, आणि सणासुदीच्या दिवसांत भांडायचे तर पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी, एवढा शिष्टाचार मी पाळते.

मी गणिताची कोणी पंडिता नव्हे. एका सहकारी ग्राहक भांडारात तीस वर्षे हिशेब लिहिले, हीच माझी पदवी. रोजची रोकड जुळल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, ही तिथली शिस्त. त्यामुळे आकड्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी शाळेच्या दृष्टीहून थोडी निराळी झाली असेल. शाळेत उत्तराखाली दुहेरी रेघ मारली की उदाहरण संपते. आमच्याकडे रेघ मारल्यावर खरे काम सुरू होई. त्या कामाला ताळा म्हणतात.

भांडणाचे निमित्त अगदी साधे. सहावीतल्या माझ्या नातीची चाचणीची वही घरी आली. उदाहरण असे : एक डझन केळ्यांची किंमत ८० रुपये, तर ९ केळ्यांची किंमत किती? पोरीने लिहिले होते : अर्ध्या डझनाचे ४०. त्याच्या निम्मी म्हणजे तीन केळी, त्यांचे २०. दोन्ही मिळून नऊ केळी, ६० रुपये. गुण तीनपैकी एक. शेजारी लाल शाईत शेरा : ‘एकमान पद्धतीने सोडवा.’ तिच्या बाकावरच्या मुलाने ते एकमान पद्धतीनेच सोडवले होते. ८० भागिले १२, उत्तर ६.६७. एका केळ्याची किंमत मिळाली. ६.६७ गुणिले ९, उत्तर ६०.०३ रुपये. त्याला अडीच गुण. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून आपल्या देशात चलनातून बाद झाली. पण त्या तीन पैशांना सहावीच्या वहीत अजून मान आहे, हे पाहून मी थक्क झाले.

आता या दोन पोरांपैकी गणित कोणाला आले? केळीवाल्याला विचारा. तो तुमच्या प्रश्नालाच हसेल. नऊ केळी म्हणजे पाऊण डझन, आणि ऐंशीचे पाऊण म्हणजे साठ. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सारे पाढे संध्याकाळी दिव्यापुढे म्हणवून घेत असत. माझ्या नातीने त्यांतला एकही ऐकलेला नाही. तरीही तिने डझनाची घडी आधी मधोमध घातली, मग अर्ध्याची पुन्हा घातली, आणि पाऊणकी आपल्या मनाने नव्याने शोधून काढली. शाबासकी राहिली बाजूला, दोन गुण मात्र कापले गेले!

कोणी म्हणेल, आजीबाईंना जुन्या काळाचे उमाळे येत आहेत. मुळीच नाही. मी शाळेत गेले तेव्हा रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया होत्या. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. त्या दिवशी ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला त्यांत मी एक. औटकीच्या पाढ्यापायी पाठीत बसलेल्या धपाट्यांचे गुणगान मला करायचे नाही. तेव्हाही पाठांतर होतेच, आजही पाठांतरच आहे; तेव्हा पाढे पाठ करीत, आज रीत पाठ करतात. फरक एवढाच की पाठ केलेला पाढा बाजारात उपयोगी पडे. पाठ केलेली रीत वहीच्या बाहेर पाऊल टाकीत नाही.

पायऱ्यांवर माझा राग नाही, हे आधी स्पष्ट करते. पायऱ्यांना गुण देण्याची चाल कोणा भल्या माणसाने सुरू केली असावी. मूल विचार बरोबर करते, शेवटी बेरजेत चुकते. मग त्याच्या सगळ्या श्रमावर बोळा का फिरवावा? हा त्यामागचा दयाळू हेतू. पायरी म्हणजे विचार कोणत्या वाटेने गेला त्याची पावले. परंतु आपल्याकडे झाले असे की, कोणी चालले की नाही हे न बघता पावलांचे ठसेच तेवढे मोजू लागले. ‘समजा’ लिहिले? अर्धा गुण. ‘म्हणून’ची तीन टिंबे दिली? आणखी अर्धा. आणि ज्या दोन पायऱ्यांवर सगळे गणित उभे असते, त्यांना गुणच नाहीत. त्यांतली एक पहिल्या ओळीच्या आधी येते : उत्तर साधारण किती यावे, याचा अंदाज. दुसरी शेवटच्या ओळीनंतर येते : आलेले उत्तर खरे आहे काय, याचा ताळा.

हे नुसते बोलून पटणार नाही, म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाचा हौद घेऊ. या हौदाने पिढ्यान् पिढ्या मुलांना बुडवले आहे. पहिला नळ हौद ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? (दोन नळ असलेल्या घरात तळाची तोटीही उघडी का टाकतात, हा प्रश्न मी लहानपणीच विचारला होता. त्याचे उत्तर छडीने मिळाले. म्हणून इथे तोटी बंद ठेवली आहे.)

पेन्सिल खाली ठेवा. आधी नुसते डोळे मिटून विचार करा. दुसरा नळ एकटाच तीन तासांत काम उरकतो. त्याला मदतीला आणखी एक नळ आला. मग वेळ तीन तासांहून कमीच लागणार की नाही? झाला अंदाज. एवढा एक विचार केला की निम्मे हौद कोरडे राहायचे वाचतात. कारण वर्गातली कितीतरी मुले सहा आणि तीन यांची बेरीज करून नऊ तास लिहितात. जरा शिष्ट मुले सरासरी काढून साडेचार लिहितात. मदतनीस आल्यामुळे कामाला उशीर झाला, हा अनुभव सरकारी कचेरीत येतो खरा, पण नळाला येत नाही.

आता पायऱ्या. पहिला नळ तासाला हौदाचा सहावा भाग भरतो, दुसरा तिसरा भाग. सहावा अधिक तिसरा म्हणजे एक षष्ठांश अधिक दोन षष्ठांश, म्हणजे तीन षष्ठांश, म्हणजे अर्धा. तासाला अर्धा हौद, तर पूर्ण हौदाला दोन तास. अपूर्णांकांची भीती वाटत असेल तर दुसरी वाट आहे. दुसऱ्या नळाचा जोर पहिल्याच्या दुप्पट. म्हणजे तो एकटा नसून पहिल्यासारखे दोन नळच समजा. एकूण असे तीन नळ झाले. एकाला सहा तास, तर तिघांना दोन. भिन्न वाटा, मुक्काम एक.

आणि आता ताळा. दोन तासांत पहिल्या नळाने किती भरले? दोन षष्ठांश, म्हणजे एक तृतीयांश. दुसऱ्याने? दोन तृतीयांश. मिळून पूर्ण हौद. जमले. आता कोणी इन्स्पेक्टर येऊन ‘चूक’ म्हणाला तरी मुलाने मान ताठ ठेवून उभे राहावे. ताळ्याचे खरे मोल इथे आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगायला गुरुजींची, गाइडच्या शेवटच्या पानाची किंवा आणखी कोणाची गरज उरत नाही. ज्या मुलाला ताळा येतो ते मूल गणितापुरते तरी कोणाचे मिंधे नसते.

हा हौद काही इंग्रजांनी आणलेला नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तो चार झऱ्यांच्या विहिरीच्या रूपाने भेटतो. ग्रंथाचा काळ ११५० च्या सुमाराचा. एक झरा विहीर एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या भागात, चौथा सहाव्या भागात. चारी एकदम सोडले तर? आमच्या दुसऱ्या वाटेने जा. एका दिवसात पहिला एक विहीर भरील, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. एकूण बारा विहिरी. म्हणजे एका विहिरीला दिवसाचा बारावा भाग. बोटांवर सुटले! खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापिल्याची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात आजोबांचे गणित शिकवण्यासाठी नातवाने मठ काढला. आज नातवंडांचे गणित कळावे म्हणून आजी-आजोबांना शिकवणी लावायची वेळ आली आहे.

अंदाज आणि ताळा यांना शाळेतून हाकलून दिले म्हणजे काय होते, याची मासलेवाईक उदाहरणे साता समुद्रापलीकडेही सापडतात, तेव्हा दोष आपल्याच मातीचा नाही. फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे १९७९-८० च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना विचारले : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ७६ मुलांनी आकड्यांची जुळवाजुळव करून कप्तानाचे वय काढून दिले! ती मुले खुळी नव्हती. प्रश्नात आकडे आहेत म्हणजे त्यांचे काहीतरी केलेच पाहिजे, हे शहाणपण त्यांनी शाळेकडूनच घेतले होते.

अमेरिकेतला किस्सा तर आणखी बोलका. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथे राष्ट्रीय पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले : लष्कराच्या एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार केला तर ३१ येतात आणि बाकी १२ उरते. सुमारे सत्तर टक्के मुलांनी हा भागाकार अचूक केला. म्हणजे रीत आली. पण ‘बत्तीस बस’ हे उत्तर लिहिले फक्त तेवीस टक्क्यांनी. एकोणतीस टक्क्यांनी लिहिले, ‘३१ बस, बाकी १२’. अठरा टक्क्यांनी नुसत्या ३१ बस पाठवल्या आणि बारा सैनिकांना तिथेच सोडून दिले. आपल्या एस. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला विचारा, ती म्हणेल, ‘अहो, मागून आणखी एक गाडी सोडा की!’

परंतु माझे मन खरे कालवले ते ब्राझीलमधल्या एका मुलाची हकीकत वाचून. रेसिफे या शहरात काही अभ्यासकांनी बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांची गणिते तपासली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत बारा वर्षांचा एक नारळ विकणारा मुलगा होता. नारळाला ३५ क्रुझेरो. गिऱ्हाईक म्हणून उभ्या असलेल्या माणसाने चार नारळ मागितले. मुलाने तोंडीच हिशेब केला : तीन नारळांचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, एक नारळ पस्तीसचा, म्हणजे एकशे चाळीस. अचूक. पुढे त्याच मुलाला कागद-पेन्सिल देऊन सांगितले, ३५ गुणिले ४ कर. तो मोठ्याने बोलत करू लागला : चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. आणि लिहिले : २००.

हातचा त्याने गुणण्याआधीच मिळवला, एवढीच चूक. पण ती चूक मला महत्त्वाची वाटत नाही. चार नारळांचे दोनशे क्रुझेरो कोणी त्याला बाजारात सांगितले असते तर तो हसला असता. कागदावर मात्र त्याने ते निमूटपणे लिहून दिले, कारण कागदावरच्या पस्तिसाचा नारळाशी काही संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रस्त्यावर त्याच्या डोक्यात अंदाज होता, ताळा होता. शाळेच्या कागदासमोर येताच ते दोघेही दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवावे लागले. त्या पाच मुलांनी बाजारातली अठ्ठ्याण्णव टक्के उदाहरणे बरोबर सोडवली. नुसत्या आकड्यांची, कागदी पद्धतीची, सदतीस टक्केच. हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. कलकत्ता आणि दिल्ली इथल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचे असेच संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही तेच : अवघड सौदे तोंडी करणारी मुले शाळेच्या सोप्या उदाहरणाला अडतात, आणि उलट, शाळेत जाणारी मुले वहीत सोडवतात ते बाजारात त्यांना जमत नाही. आपण एकाच देशात दोन गणिते पोसली आहेत आणि दोघांची तोंडे एकमेकांकडे फिरवून ठेवली आहेत.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. साठ वह्या, एक लाल पेन, वरून आलेला गुणांचा तक्ता. प्रत्येक पोराने आपापली वाट काढली तर तपासणाऱ्याने किती वाटा तुडवायच्या? शिवाय ते म्हणतात, आणि खरे म्हणतात, की निम्मे-पाऊण करून दर वेळी भागत नाही. १३ केळी ८७ रुपयांना घेतली तर ९ केळ्यांचे किती? इथे घडी बसत नाही. इथे एकमानाला शरण जावे, एका केळ्यावर यावे आणि मग नवांवर जावे. उत्तर साठ रुपये तेवीस पैशांच्या आसपास येते. एकमान पद्धती ही गणिताची हमरस्त्याची गाडी आहे, तिला मी नावे ठेवीत नाही. पण शेजारच्या घरी हळदीकुंकवाला जायचे असेल तर कोणी स्टँडवर जाऊन गाडी पकडीत नाही. कुठे चालत जावे आणि कुठे गाडीने, हे ज्याला कळते त्याला गणित येते. निवड करण्याची अक्कल शिकवायची सोडून आपण निवड करणाऱ्याचेच गुण कापतो.

आणि आता तर पायऱ्या तपासण्यातही काही राम राहिलेला नाही. पूर्वी गाइड होते. त्यातून उतरवायचे म्हटले तरी बिचाऱ्या मुलाला हाताने लिहावे लागे. आज फोनचा डोळा उदाहरणावर धरला की काही क्षणांत समजा, परंतु, म्हणून यांसह सगळ्या पायऱ्या पडद्यावर उतरतात, त्याही सुवाच्य. ज्या गोष्टीला आपण तीनपैकी अडीच गुण देत आलो, ती गोष्ट आता फुकट मिळते. फोन आलेच आहेत, ते जाणार नाहीत, आणि जावेत असेही माझे म्हणणे नाही. माझी सूनबाई त्यावरूनच अनारशांचे प्रमाण पाहते. परंतु फोनने दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवायला पुन्हा अंदाज आणि ताळाच हवा. म्हणजे जे आपण शिकवायचे सोडले, नेमके तेच आता हवे झाले आहे.

शिक्षकांपेक्षा माझा अधिक राग आहे तो तुम्हा-आम्हा घरच्या माणसांवर. वही घरी आली की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘किती कापले?’ दुसरा? ‘पहिल्या नंबराला किती?’ ‘तू हे कसे काढलेस ग?’ हे विचारणारा पालक मला गेल्या दहा वर्षांत आमच्या वसाहतीत भेटला नाही. आणि गंमत अशी की, याच घरातली मोठी माणसे दिवाळीच्या खरेदीला निघाली की त्यांचा ताळा कुठे जातो, कोणास ठाऊक.

दुकानावर पाटी असते : २० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के सूट. साडीची किंमत २४०० रुपये. घरची मंडळी मनातल्या मनात तीस टक्के करून १६८० रुपये बाजूला काढतात. पायऱ्यांनी जाऊ. २४०० चे वीस टक्के ४८०, उरले १९२०. पुढचे दहा टक्के या उरलेल्या रकमेवर : १९२. उरले १७२८. सूट तीस टक्के नव्हे, अठ्ठावीस टक्के. फरक अठ्ठेचाळीस रुपयांचा. आता घरात वाद घाला : दहा टक्के आधी आणि वीस नंतर कापले तर आपला फायदा की दुकानदाराचा? आमच्याकडे सासू-सुना, नणंदा-भावजया सगळ्या दोन तटांत विभागल्या. मग पोरीने वही ओढली. २४०० चे दहा टक्के २४०, उरले २१६०. त्याचे वीस टक्के ४३२, उरले १७२८. तेच! सगळ्या गप्प झाल्यावर तिने विचारले, ‘पण तेच का आले?’ कारण शंभरातले नव्वद घेऊन त्यांचे ऐंशी टक्के करा, नाहीतर ऐंशी घेऊन त्यांचे नव्वद टक्के करा, उरतात बहात्तरच. हा प्रश्न कोणत्याही चाचणीत विचारला जात नाही, आणि कोणी विचारलाच तर त्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे, हे तक्त्यात लिहिलेले नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. अभ्यासक्रम बदला, पुस्तके जाळा, परीक्षा बंद करा, असे काही मी म्हणत नाही. त्या घोषणा दर दहा वर्षांनी होतात आणि त्यातून नवी पुस्तके विकत घ्यावी लागतात. शाब्दिक उदाहरणाला तीन गुण असतील तर त्यांतला अर्धा गुण अंदाजाला द्या, एक ताळ्याला द्या, आणि उरलेले दीड मधल्या मजकुराला. मधला मजकूर एकमानाने आला असो, निम्म्याने आला असो वा नारळवाल्याच्या पद्धतीने आला असो, वाट मुक्कामाला पोचते ना एवढे पाहा. साठ वह्यांची अडचण असेल तर ताळा असलेली वही तपासायला उलट कमी वेळ लागतो, हे हिशेबनिशीच्या अनुभवाने सांगते. जिथे मुलाने स्वतःच पडताळून पाहिले आहे तिथे तपासणाऱ्याला फक्त शेवटच्या दोन ओळी वाचायच्या असतात. आणि जिथे ताळा जुळला नाही, पण मुलाने प्रामाणिकपणे ‘जुळत नाही’ असे लिहिले आहे, तिथेही तो एक गुण द्यावा. आमच्या भांडारात ‘रोकड जुळत नाही’ असे सांगणाऱ्या कारकुनाला कोणी कामावरून काढले नाही. काढले ते न जुळणारी रोकड जुळवून दाखवणाऱ्यांना.